शिफ्ट बटणाची गोष्ट आणि काकासाहेब कालेलकर



आज आपल्या घरातला किंवा शाळेतला लॅपटॉप उघडा आणि कीबोर्डकडे जरा निरखून बघा. मधल्या भागात अक्षरं आहेत, वरच्या ओळीत आकडे आहेत. पण कडेला काही बटणं अशी आहेत की ती एकटी दाबली तर पडद्यावर एकही अक्षर उमटत नाही. शिफ्ट, कॅप्स लॉक, टॅब, कंट्रोल, आल्ट, एफएन. मुलं विचारतात, सर, ह्या बटणांचं काम काय? आपण सांगतो, शिफ्ट दाबलं की कॅपिटल अक्षर येतं. उत्तर चुकीचं नाही, पण ते इंग्रजीपुरतं झालं. मराठीत कॅपिटल अक्षर नसतंच. मग मराठी टाइप करताना शिफ्टचं काम काय?

या प्रश्नाच्या मुळाशी गेलात तर एका माणसाची भेट होते. तो माणूस काही वर्षं आपल्या वर्ध्यात राहिला. बोरगाव मेघे, सेवाग्राम, पवनार हा आपला सगळा पट्टा त्याच्या पायाखालचा. तो इंजिनियर नव्हता, शिक्षक होता. आपली नागरी अक्षरं यंत्राच्या मोजक्या बटणांवर कशी बसवायची, या विचारात त्याने आयुष्याची बरीच वर्षं घातली. त्यांचं नाव दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, म्हणजेच आचार्य काकासाहेब कालेलकर. मागासवर्ग आयोगामुळे आणि प्रवासवर्णनांमुळे त्यांचं नाव आपण ऐकलेलं असतं. आज त्यांची ही दुसरी, कमी सांगितली जाणारी बाजू समजून घेऊ या.

बालपण आणि शिक्षण

काकासाहेबांचा जन्म 1 डिसेंबर 1885 रोजी साताऱ्यात झाला. घराणं मूळचं सावंतवाडीजवळच्या कालेली गावचं, म्हणून आडनाव कालेलकर. वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच कारवार, बेळगाव अशा गावांतून फिरणं झालं. घरात मराठी आणि बाहेर कानडी, असं त्यांचं बालपण गेलं. एकच गोष्ट वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या भाषेत बोलतात आणि वेगवेगळ्या लिपीत लिहितात, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. बालपणाच्या या आठवणी त्यांनी पुढे स्मरणयात्रा या पुस्तकात लिहून ठेवल्या.

1903 मध्ये ते मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून 1907 मध्ये तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाले. वकिलीची पहिली परीक्षाही दिली. ठरवलं असतं तर चांगली वकिली चालली असती. पण 1908 मध्ये ते बेळगावच्या गणेश विद्यालयात शिक्षक म्हणून गेले. मधे काही काळ राष्ट्रमत या मराठी दैनिकात काम केलं आणि 1910 मध्ये बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात रुजू झाले.

या शाळेची एक गंमत आपल्याला आवडेल. तिथे शिक्षकांना सर किंवा मास्तर म्हणायची पद्धत नव्हती. शाळा म्हणजे एक घर, म्हणून शिक्षकांना नात्यातली नावं दिलेली. कुणी मामा, कुणी अण्णा. कालेलकर झाले काका. हे नाव जन्मभर चिकटलं. पुढे सगळा देश ज्यांना काकासाहेब म्हणू लागला, त्यांना ते नाव एका शाळेने दिलं होतं.

इंग्रज सरकारला ही राष्ट्रीय वृत्तीची शाळा खुपत होती. 1912 मध्ये ती बंद पाडली गेली. काका हिमालयात निघून गेले आणि पुष्कळसा प्रवास त्यांनी पायी केला. त्या प्रवासावरचं हिमालयनो प्रवास हे त्यांचं गुजराती पुस्तक आजही वाचलं जातं.

मराठी माणूस, सवाई गुजराती

1915 मध्ये शांतिनिकेतनात त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि आयुष्याची दिशा ठरली. ते साबरमती आश्रमात आले आणि आश्रमाच्या राष्ट्रीय शाळेत शिकवू लागले. 1920 मध्ये गुजरात विद्यापीठ स्थापन झालं, त्याच्या उभारणीत ते होते. 1928 पासून 1935 पर्यंत ते तिथे कुलनायक, म्हणजे कुलगुरू होते.

मातृभाषा मराठी असलेल्या या माणसाने गुजराती भाषा इतकी आपलीशी केली की गांधीजींनी त्यांना सवाई गुजराती ही पदवी देऊन टाकली. त्या काळी गुजराती शुद्धलेखनात एकवाक्यता नव्हती. एकच शब्द तीन जण तीन तऱ्हेने लिहायचे. गांधीजींनी हे काम काकासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर सोपवलं आणि 1929 मध्ये गुजरात विद्यापीठाचा जोडणीकोश, म्हणजे शुद्धलेखनाचा कोश, प्रसिद्ध झाला. एका मराठी माणसाने गुजरातीचं शुद्धलेखन ठरवण्याच्या कामात भाग घ्यावा आणि गुजराती लोकांनी ते मानावं, ही साधी गोष्ट नाही हं!

इथे एक बारकावा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. गुजराती लिपीत ए आणि ऐ यांना स्वतंत्र आकार नाहीत. अ काढायचा आणि त्याच्यावर एक किंवा दोन मात्रा द्यायच्या. काकासाहेब रोज हीच लिपी लिहीत होते.

वर्ध्यातलं काम आणि यंत्राची अडचण

1934 पासून गांधीजींचा मुक्काम वर्ध्याला हलला. 1935 मध्ये इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरलं आणि त्यात नागरी लिपी सुधारणेसाठी एक समिती नेमली गेली. तिचे संयोजक होते काकासाहेब. दुसऱ्या वर्षी, 1936 मध्ये, वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. काकासाहेब या कामासाठी वर्ध्यात राहू लागले. वर्ध्यातली काकावाडी आपल्या परिचयाची आहेच.

आता त्यांच्यापुढची अडचण नीट समजून घ्या. देशाचा कारभार आपल्या भाषांतून चालायचा तर पत्रं, आदेश, अहवाल हे सगळं टाइप झालं पाहिजे. आणि टाइपरायटर तर इंग्रजीसाठी जन्मलेला. 1874 मध्ये अमेरिकेत विकायला आलेल्या पहिल्या रेमिंग्टन यंत्रावर फक्त कॅपिटल अक्षरं उमटत. 1878 च्या दुसऱ्या मॉडेलमध्ये एक नवं बटण आलं, शिफ्ट. शिफ्ट म्हणजे सरकवणे. प्रत्येक दांडीच्या टोकाला दोन अक्षरं बसवली, एक वर, एक खाली. शिफ्ट दाबलं की कागदाचा रूळ खरोखरच जागचा सरकायचा आणि दुसरं अक्षर कागदावर उमटायचं. एका बटणात दोन अक्षरं! लॅपटॉपवर काहीही सरकत नाही, नाव मात्र तेच राहिलं.

तरीही हिशोब करा. टाइपरायटरला साधारण 44 ते 46 बटणं. प्रत्येकावर दोन चिन्हं, म्हणजे नव्वदच्या आसपास जागा. इंग्रजीला त्या पुरून उरतात. आपल्याकडे मात्र स्वर वेगळे, त्यांच्या मात्रा वेगळ्या, व्यंजनं पूर्ण आणि अर्धी, शिवाय रफार, जोडाक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या खणांत शेकडो खिळे असत. ते नव्वद जागांत कसे मावणार?

टाइपरायटरवाल्यांनी युक्त्या काढल्या. ज्यांनी कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून अर्ज टाइप करून घेतले असतील त्यांना आठवेल. ग पूर्ण नसायचा. आधी अर्धा ग् मारायचा आणि मग काना जोडायचा, की ग पूर्ण. ई हवी तर इ मारून वर रफार द्यायचा. काही मात्रांची बटणं दाबली तरी रूळ पुढे सरकत नसे, म्हणजे मात्रा शेजारी न पडता अक्षराला येऊन चिकटे. आणि किती हा शब्द टाइप करताना आधी पहिली वेलांटी, मग क. म्हणजे बोलायचं एका क्रमाने आणि टाइप करायचं दुसऱ्या क्रमाने.

अ ची बाराखडी

काकासाहेबांनी प्रश्न उलट्या बाजूने धरला. यंत्र बदलता येत नसेल, तर लिपीतच काही साधेपणा आणता येईल का?

त्यांचा मुख्य आग्रह होता अ च्या बाराखडीचा. आपण क ला काना देऊन का करतो, वेलांटी देऊन कि, की करतो, उकार देऊन कु, कू करतो. अ च्या बाबतीत आपण आ, ओ आणि औ असेच करतो, म्हणजे अ ला काना, अ ला काना-मात्रा. मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांनाच वेगळी चिन्हं का? अि, अी, अु, अू, अे, अै असं लिहिलं तर सहा चिन्हांच्या जागा वाचतात आणि पहिलीच्या मुलालाही सहा अक्षरं कमी शिकावी लागतात.

ही कल्पना एकट्या काकासाहेबांची नव्हती. सावरकरांनी लिपीशुद्धीच्या चळवळीत हीच बाराखडी मांडली होती. विनोबांच्या लोकनागरीतही ती दिसते. किर्लोस्कर मासिकाचे जुने अंक कुणाच्या घरी असतील तर उघडून बघा, अेक, अितिहास असं छापलेलं आढळेल. विचारांनी इतक्या दूर असलेली माणसं एका बाराखडीवर एकत्र आली होती. वर्ध्याहून निघालेल्या राष्ट्रभाषेच्या पुस्तकांतही हे लेखन वापरात आलं.

विरोधही मोठा झाला आणि विरोध करणारे काही अडाणी नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं. इ हा स्वतंत्र स्वर आहे, तो अ ला वेलांटी जोडून तयार होत नाही. अि असं लिहिलं तर मुलाची उच्चाराची समज बिघडेल. आणि नवी पिढी अि शिकली तर जुने ग्रंथ तिला परके वाटू लागतील. 1947 मध्ये उत्तरेत सरकारने आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली लिपी सुधारणेची समिती नेमली. तिने अ ची बाराखडी स्वीकारली नाही. आज आपण अंकलिपीत इ, ई, उ, ऊ शिकवतो, त्यामागे हा सगळा वाद होऊन गेलेला आहे.

तुम्ही त्या समितीत असता तर कुठल्या बाजूने बोलला असता? खरंच विचार करा. मला दोन्ही बाजूंचं पटतं, आणि म्हणूनच ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी वाटते.

पुढची वर्षं

मध्यंतरी 1942 चं आंदोलन झालं, काकासाहेबांना पुन्हा तुरुंगवास घडला. त्याच वर्षी वर्ध्यात हिंदुस्तानी प्रचार सभा स्थापन झाली होती. नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिपी लोकांनी शिकाव्यात, हा तिचा विचार. त्या कामातही ते होते.

सूचना फेटाळली गेली म्हणून ते रुसून बसले नाहीत. 1948 मध्ये हिंदी लघुलेखन आणि टंकलेखन यंत्र यांना एकसारखं रूप देण्यासाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष काकासाहेबच होते. कुठलं अक्षर कुठल्या बटणावर, कुठलं शिफ्टवर, कुठलं शिफ्टशिवाय, अशा किचकट कामात त्यांनी साठी ओलांडल्यावर डोकं घातलं.

1952 ते 1964 ते राज्यसभेत होते. 1953 मध्ये देशातल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे ते अध्यक्ष झाले. मार्च 1955 मध्ये दिलेल्या अहवालात 2,399 मागास जातींची यादी होती. तो अहवालही सरकारने अमलात आणला नाही. 1964 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, आणि जीवनव्यवस्था या गुजराती पुस्तकासाठी 1965 चा साहित्य अकादमी पुरस्कार. 21 ऑगस्ट 1981 रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. तेव्हा ते 95 वर्षांचे होते. 1985 मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

त्यांच्यानंतर पाच वर्षांनी

1986 मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिपींसाठी एक प्रमाण कीबोर्ड ठरवला, इनस्क्रिप्ट. काकासाहेबांच्या वेळची अडचण इथे सुटली. संगणकाला अर्ध्या अक्षराचा वेगळा खिळा लागत नाही. आपण अक्षरं उच्चाराच्या क्रमाने द्यायची, जोडाक्षराचा आकार तो स्वतः तयार करतो. लिपी बदलावी लागली नाही, कारण यंत्र हुशार झालं. आणि या मांडणीत सगळ्यात जास्त राबतं ते आपलं शिफ्ट.

आता लॅपटॉप समोर घ्या. सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा आणि मराठी नावाचा कीबोर्ड निवडा, फोनेटिक नको. मग हे करून बघा:

1. विंडोज आणि स्पेस : विंडोजचं बटण धरून स्पेस दाबा. इंग्रजीवरून मराठीवर आणि परत जाता येतं.

2. शिफ्ट : के च्या बटणावर क, शिफ्ट धरून तेच दाबलं की ख. आय वर ग, शिफ्टने घ. एल वर त, शिफ्टने थ. ओ वर द, शिफ्टने ध. म्हणजे हवेचा झोत वाढला की शिफ्ट! आपली वर्णमाला ज्या शिस्तीने लावलेली आहे तीच शिस्त बटणांवर आहे. मात्रांचंही तसंच. एफ वर पहिली वेलांटी, शिफ्टने इ. जी वर पहिला उकार, शिफ्टने उ. मात्रा आणि तिचा स्वर एकाच बटणावर. काकासाहेबांना जे नातं अक्षराच्या आकारात दाखवायचं होतं, ते इथे बटणात दिसतं. आपला ळ एन च्या बटणावर, शिफ्टसोबत.

3. डी चं बटण : हे दिसायला साधं, पण मराठीत ते पाय मोडण्याचं बटण आहे. क, मग डी, मग य दिलं की क्य. दुसऱ्या हा शब्द पुष्कळांना जमत नाही. द, उकार, स, मग शिफ्ट धरून जे, मग डी, मग य आणि काना. झाला की नाही?

4. बॅकस्पेस आणि डिलीट : टाइपरायटरवर बॅकस्पेस फक्त मागे न्यायचं, खोडायचं नाही. लॅपटॉपवर ते खोडतं. त्यातही फरक बघा. क्षि लिहून बॅकस्पेस दाबा, आधी फक्त वेलांटी जाते, मग ष, मग पाय मोडल्याची खूण, शेवटी क. कर्सर क्षि च्या आधी ठेवून डिलीट दाबलं तर बहुतेक ठिकाणी अख्खं अक्षर एकदम जातं. जोडाक्षराची फोड शिकवायला याहून सोपं साधन नाही.

5. टॅब आणि एंटर : टॅब म्हणजे तक्त्याचे रकाने सरळ रेषेत आणण्यासाठी केलेली सोय. एंटर म्हणजे रूळ ओढून नव्या ओळीवर आणणं. दोन्ही टाइपरायटरकडून आलेली.

6. कंट्रोल, आल्ट, एफएन : यातलं कुठलंही बटण शेजारच्या बटणाचा अर्थ बदलतं. कंट्रोल धरून सी म्हणजे प्रत काढणं, व्ही म्हणजे चिकटवणं, झेड म्हणजे केलेलं मागे घेणं. कीबोर्ड मराठीवर असला तरी ही कामं तशीच चालतात.

हे मुलांना का शिकवायचं?

आपल्या मुलांच्या मोबाईलवरचे मेसेज बघा. भाषा मराठी आणि अक्षरं इंग्रजी. न आणि ण, ल आणि ळ, श आणि ष यांतला फरक तिथे पुसला जातो. दहावीच्या वहीत ळ च्या जागी ल येऊ लागला की आपण मुलाला रागावतो. पण ळ कुठल्या बटणावर आहे हे आपण त्याला दाखवलंय का? काकासाहेबांच्या काळात आपली लिपी यंत्रावर मावत नव्हती. आज ती पूर्ण मावते, अगदी दुसऱ्या मधल्या ऱ्य सकट, तरी आपण ती वापरत नाही. तेव्हा कारण यंत्राचं होतं. आता ते आपल्या सवयीचं आहे.

शिक्षकांनी एवढंच करावं. संगणकाच्या तासाला आठवड्यातून दहा मिनिटं मराठी टाइपिंगला द्यावीत. पहिल्या आठवड्यात क-ख, ग-घ, त-थ, द-ध या जोड्या शिफ्टसह. दुसऱ्या आठवड्यात मात्रा आणि त्यांचे स्वर. तिसऱ्या आठवड्यात पाय मोडून जोडाक्षरं. चौथ्या आठवड्यात प्रत्येक मुलाने आपलं पूर्ण नाव, गाव, तालुका आणि जिल्हा टाइप करावा. बोरगाव मेघे लिहिताना घ साठी शिफ्ट लागतंच, बघा.

पालकांनी घरी एक करावं. मुलाला मोबाईलवर मेसेज पाठवताना तो नागरी अक्षरांत पाठवा. आजोबांकडे जुनी अंकलिपी असेल तर ती काढा, लॅपटॉपशेजारी ठेवा, आणि बाराखडीतलं प्रत्येक अक्षर कुठल्या बटणावर सापडतं ते दोघं मिळून शोधा. एखादं सापडलं नाही तर आधी शिफ्ट धरून बघा.